मुरमाच्या माळावरचं जुनं नऊ होलचं गोल्फ मैदान : मूळ आखणी परत कशी आणायची?

माळकरी

नमस्कार मंडळी. बालाघाटच्या पठारावर, गावापासून जरा बाहेर, निजामाच्या अमदानीतलं नऊ होलचं मैदान आहे. समितीचा निर्णय होईपर्यंत नाव लिहीत नाही. क्षेत्र 52 एकर, लांबी 2,780 यार्ड, पार (चांगल्या खेळाडूला नऊ होलांना लागणारे अपेक्षित फटके) 35. सहा होल मुरमाच्या माळावर, तीन (6, 7, 8) नाल्याकडच्या काळ्या जमिनीत. सुरुवातीला नऊही ग्रीन (चेंडू शेवटी ज्या भोकात घालायचा त्याभोवतीची गुळगुळीत जागा) ‘ब्राउन’ होते, म्हणजे गवताऐवजी तेल घातलेल्या वाळूचे. सहांवर नंतर गवत केलं, तीन अजून तसेच आहेत. बंकर (अडथळ्याचे वाळूचे खड्डे) अर्धे बुजलेत, दोन्ही बाजूंनी सुबाभूळ आणि निलगिरी माजली आहे. पाण्याला एक विहीर आणि एक बोअर.

समितीपुढे प्रस्ताव आलाय : सगळं सपाट करून नवी आखणी, कुंपणापासून कुंपणापर्यंत हिरवं गवत, शोभेचे दोन तलाव. आमच्यातल्या काहींना वाटतं की मूळ आखणी फार विचारपूर्वक केलेली आहे, ती पुसू नये. पण मूळ नेमकं काय होतं ते शोधायचं कसं? ग्रीन नव्याने बांधायचे तर आपल्या मातीत कसे? आणि पाण्याचं गणित बसेल का?

पातळीयंत्र

जेसीबी आत सोडायच्या आधी मोजणी. एकदा ब्लेड फिरलं की पुरावा गेला.

पहिलं काम, कातळावर पक्का बेंचमार्क, म्हणजे पातळी मोजायची न हलणारी खूण. काळ्या जमिनीत खुंटी ठोकून चालणार नाही, ती जमीन उन्हाळ्यात खाली बसते आणि पावसाळ्यात वर येते, पातळी चुकते. मग प्रत्येक ग्रीन आणि भोवतालचे 15 मीटर, दर 2 मीटरला एक बिंदू, टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने. समोच्च रेषा 5 सेंमीच्या. ड्रोन फेअरवेला (ग्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब गवती पट्ट्याला) चालेल, पण उंचीत तीन-पाच सेंमी इकडेतिकडे होतो, त्यामुळे ग्रीनसाठी त्याच्यावर विसंबू नका.

दुसरं, जुनी छायाचित्रं. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांचे फोटो 1995 साली खुले झाले. 1967 ते 1972 मधल्या शेवटच्या मालिकेत सुमारे 2 मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. ब्राउन म्हणजे फिकट जमिनीवर काळा गोल ठिपका, तेवढा सहज ओळखू येतो. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर तुमच्या अक्षांश-रेखांशाने शोधा, स्कॅन झालेले फोटो फुकट उतरवता येतात. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट आणि भूमी अभिलेखमधला गावनकाशा घ्या. नाला, पांदण, विहीर या तीन खुणा जुळवल्या की फोटो नकाशावर बरोबर बसतो.

तिसरं, चर. ग्रीनच्या कडेला आडवा, 30 सेंमी रुंद, 60 खोल, आतून बाहेर निदान 4 मीटर. हाताने खोदायचा, यंत्राने थर एकमेकांत मिसळतात. भिंत खुरप्याने साफ करून हलकं पाणी मारा, थर रंगाने उठून दिसतात.

गवताळ

@पातळीयंत्र यांच्या म्हणण्याला जोड. ग्रीन वर्षानुवर्षं लहान होत जातो. कडेचं वाढलेलं गवत सोलवटू नये म्हणून कापणारा माणूस दर वेळी बोटभर आतून यंत्र वळवतो. वीस-तीस वर्षांत चौकोनी ग्रीनची अंडी होतात, आणि पहिले जातात ते कोपरे. कप (चेंडू घालायचं भोक) लावायच्या सगळ्यात सुंदर जागा तिथेच असतात. म्हणून गवताची आजची कड खरी मानू नका. भरावाचा खांदा, म्हणजे जिथून उतार एकदम मोडतो ती रेषा, तीच मूळ कड.

बंकरचं उलट होतं. खेळताना उडालेली वाळू ग्रीनकडच्या काठावर साचते, काठ दरवर्षी थोडा वर चढतो आणि पाणी भलतीकडेच वळतं. तिथे चर घेतला तर वाळू-माती-वाळू असे पट्टे सापडतील. सगळ्यात खालचा पट्टा हा मूळ तळ.

माळकरी

चर घेतले. पाचव्या ग्रीनच्या डाव्या कडेचं माप देतो, वरून खाली :

0–70 मिमी : मुळं असलेली बारीक करडी वाळू.
70–110 : काळा तेलकट थर. चिमटीत दाबला तर बोटाला चिकटतो, वाळल्यावरही वास येतो.
110–260 : चोपलेला लाल मुरूम, कुदळीला दाद देत नाही.
त्याखाली पिवळा मांजऱ्या खडक, मग कातळ.

महत्त्वाचं म्हणजे तेलाचा थर आजच्या कडेबाहेर डावीकडे आणि मागे 2.2 मीटर जातो. उजवीकडे मात्र तो आजच्या ग्रीनच्या आतच 3 मीटरवर संपतो. म्हणजे गवत करताना ग्रीन नाल्यापासून दूर सरकवला, असंच ना?

पातळीयंत्र

बरोबर वाचलंत. मूळ गोलाचा मध्य नाल्याच्या काठाकडे होता, चेंडू जरा लांब गेला की थेट उतारावर. त्या होलचा सगळा प्रश्न तिथे होता. ग्रीन आत ओढल्यावर तो होल नुसता सरळ रस्ता झाला. नवीन आखणीवर पैसे घालण्याआधी समितीला हा एक चर प्रत्यक्ष दाखवा.

दगडवाट

तेलाच्या थराकडे दुर्लक्ष करू नका. ब्राउनवर बहुतेक ठिकाणी वापरलेलं इंजिन ऑइल टाकत. त्यात जड धातू असतात, आणि 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं. ती वाळू फेअरवेच्या खड्ड्यात भरायची नाही, शेतात तर मुळीच नाही. आधी किती ते मोजा : 12 मीटर व्यासाचा ब्राउन म्हणजे 113 चौ.मी., 40 मिमी थराने साडेचार घनमीटर, म्हणजे सुमारे 1.6 ब्रास. नऊंचे मिळून साडेचौदा ब्रास. ताडपत्रीवर, वर झाकून वेगळी रास करा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत व्यवस्थेतून पाठवा. नाल्याकडचे तीन सगळ्यात आधी, पावसाच्या अगोदर.

गवताळ

आता मूळ म्हणजे कोणत्या सालचं, ते ठरवायला हवं. पाइनहर्स्ट क्रमांक 2 हे अमेरिकेतलं, डोनाल्ड रॉस या आखणीकाराचं मैदान यासाठी बघण्यासारखं आहे. तिथेही आधी वाळूचेच ग्रीन होते. 1935 साली खुद्द रॉसने ते गवताचे केले, आणि तसे करताना नुसतं गवत न लावता उंचसखलपणा नव्याने घडवला. कारण वाळूचा ग्रीन जवळजवळ सपाट लागतो, उतार दिला तर वाळू पावसात वाहते. गवताला मात्र उतार हवाच, नाहीतर पाणी साचतं.

पुढे तेच मैदान अंगभर हिरवं झालं, आणि 2011 मध्ये बिल कूर व बेन क्रेनशॉ या आखणीकारांनी ते परत मागे नेलं. 1943 चे हवाई फोटो वापरले, जमिनीत पुरलेल्या जुन्या जलवाहिनीवरून फेअरवेची मध्यरेषा धरली, सुमारे 35 एकरांवरचं गवत काढून उघडी वाळू आणि रानगवत येऊ दिलं. फवाऱ्यांची तोंडं 1,150 वरून 450 वर आली. 2014 साली पुरुष आणि महिला दोन्ही यूएस ओपन तिथेच झाल्या.

मराठवाड्यात हा धडा जसाच्या तसा लागू पडतो. माळ माळासारखाच दिसू द्या. मूळ आखणी करणाऱ्याने नाला, कातळाचा उंचवटा आणि वारा यांच्यावर खेळ उभा केला होता, गवताच्या रंगावर नाही.

शेततळं_परभणी

पाण्याचा हिशेब मांडतो. 1 मिमी पाणी म्हणजे चौ.मी.ला 1 लिटर.

ग्रीन 9 × 450 चौ.मी., उन्हाळ्यात रोज 6 मिमी : 24,300 लिटर. टी (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) 9 × 150 चौ.मी., 5 मिमी : 6,750. दोन्ही मिळून 31,050 लिटर.
फेअरवे, पार तीनचे होल सोडून अंदाजे 2,100 मीटर × 30 मीटर, नुसते 4 मिमी धरले तरी रोज 2 लाख 52 हजार लिटर. आठपट.

म्हणून फेअरवेला उन्हाळ्यात पाणी नाही. हरळी वाळते, मरत नाही. कांड्या जमिनीत जिवंत असतात आणि पहिल्या दोन चांगल्या पावसांत रान हिरवं होतं. ज्या भागात 2016 ला लातूरकरांना रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे फेअरवे भिजवायचा प्रस्ताव मांडूसुद्धा नये, हे माझं स्पष्ट मत.

1 फेब्रुवारी ते 15 जून, 135 दिवस × 31,050 = सुमारे 42 लाख लिटर. 30 × 30 × 3 मीटरच्या, 1:1 उताराच्या शेततळ्यात 2,196 घनमीटर बसतं, म्हणजे 22 लाख लिटर. दोन तळ्यांत हिशेब जुळला असं वाटेल, पण बाष्पीभवन? एका तळ्याचा पृष्ठभाग 900 चौ.मी., रोज 8 मिमी उडालं तर 7,200 लिटर. तीन तळी धरा, आणि तिन्हींतून थोडं थोडं उपसू नका. एक रिकामं करा, मग दुसऱ्याला हात लावा. उघडा पृष्ठभाग कमी झाला की वाफही कमी. तळाशी फूटभर पाणी मात्र ठेवा, नाहीतर वाऱ्याने तळ्यात अंथरलेला 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उचलला जातो. प्रस्तावातले शोभेचे तलाव रद्द करून तोच पैसा इथे लावा. तळी खेळाच्या रेषेबाहेर, सगळ्यात उंच जागी घ्या. मग पंप फक्त भरताना चालेल, ग्रीनला पाणी उताराने जाईल.

बोअरचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका. विद्युतवाहकता, सोडियम आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे हवेत. बायकार्बोनेट जास्त असेल तर ते चुन्याला बांधून टाकतं, सोडियम मोकळा राहतो आणि माती घट्ट होते.

माळकरी

धन्यवाद, हा हिशेब समितीला जशाचा तसा देतो. आता ग्रीनच्या बांधणीचं सांगा. कंत्राटदार म्हणतो, लाल माती आणि शेणखत दीड फूट भरलं की झालं.

दगडवाट

तसं केलं तर दोन पावसाळ्यांत ग्रीनचं पायवाटेसारखं टणक मैदान होईल. रोजच्या पावलांनी आणि रोलरने माती दबते, हवा जाते, मूळ वरच्या दोन सेंमीत अडकतं.

यूएसजीएची (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची) पद्धत 1960 पासून आहे आणि तिच्यामागे कारण आहे. खाली दाबलेला तळ, त्यात नळ्यांचे चर, वर 100 मिमी बारीक खडी, त्यावर 300 मिमी वाळूचा थर. वाळूतलं पाणी खडीशी येऊन थबकतं, वर पुरेसा भार झाला तरच खाली सुटतं. म्हणजे रोजच्या पाण्यात ओल धरते आणि ढगफुटीत निचरा होतो. आपल्याकडे पाणी कमी आणि पाऊस एकदम कोसळणारा, म्हणून हे दोन्ही गुण लागतात.

वाळूचं माप : 0.25 ते 1 मिमी कण किमान 60 टक्के, 1 मिमीच्या वरचे 10 टक्क्यांच्या आत, गाळ 5 च्या आत, चिकणमाती 3 च्या आत. 300 मिमी दाबलेल्या थरातून ताशी किमान 150 मिमी पाणी उतरायला हवं. ही चाचणी जागेवर करता येते. 150 मिमी व्यासाच्या पीव्हीसी नळीला खाली जाळी बांधा, ओलसर वाळू थराथराने चोपून 300 मिमी भरा, रात्रभर भिजवा. मग वर 25 मिमी पाणी ठेवा. दहा मिनिटांच्या आत उतरलं तर ठीक.

एका 450 चौ.मी. ग्रीनला वाळू 135 घनमीटर, म्हणजे 48 ब्रास. दाबल्यावर बसते म्हणून 56 मागवा. खडी 45 घनमीटर, 16 ब्रास. निचऱ्याच्या नळ्या 100 मिमीच्या, भोकाच्या, दर साडेचार मीटरला एक, उतार किमान अर्धा टक्का. चर 150 रुंद, 200 खोल. चरातली माती तिथेच पसरू नका, बाहेर काढा.

क्रशर_लाईन

नदीची वाळू आता सहज मिळत नाही. क्रशरची चालेल का?

दगडवाट

चालेल, पण जशी येते तशी नाही. आयएस 383 या भारतीय मानकाप्रमाणे क्रशरच्या वाळूत 150 मायक्रॉनखालची भुकटी 20 टक्क्यांपर्यंत चालते. काँक्रीटला ते ठीक, ग्रीनला तेच विष आहे. भुकटी पाण्याबरोबर खाली जाऊन खडीच्या तोंडाशी साचते आणि निचरा बंद पडतो. धुतलेली घ्या, 2 मिमी चाळणीवरून काढा आणि प्रत्येक पाचव्या हायवाची (डंपरची) चाळणी-चाचणी सिव्हिल लॅबमधून करा. पहिला नमुना चांगला देऊन पुढे माल बदलणं नेहमीचं आहे. बेसाल्टची वाळू काळी, उन्हात फार तापते, म्हणून लावणीनंतर पहिले तीन आठवडे दुपारीही हलकं पाणी लागेल. वाळूत 10 टक्के आकारमानाने धुतलेला कोकोपीट मिसळा, बाहेरच मिसळून आणा. शेणखत नको, त्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि बारीक गाळही.

खडीचा मेळ बघा : खडीतले सर्वांत बारीक 15 टक्के कण ज्या मापाखाली येतात ते माप, वाळूतले 85 टक्के कण ज्या मापाखाली येतात त्याच्या आठपटीपेक्षा मोठं नको. मोठं असेल तर वाळू खडीत उतरते. 6 ते 10 मिमीची धुतलेली खडी बहुधा बसते, तरी मोजून घ्या.

पातळीयंत्र

माळावरच्या सहा ग्रीनना चोपलेला मुरूम मुळातच आहे, तोच तळाला वापरा. वरून थर वाढला तर ग्रीन 40 सेंमी उंच होईल आणि पुढची चढण बदलेल, म्हणून तेवढं खाली उतरूनच बांधा. मोजणीचा जुना पृष्ठभाग जसाच्या तसा वर परत यायला हवा. त्यासाठी तळालाही वरचाच आकार द्यायचा, सपाट तळावर वाळू कमीजास्त भरून आकार काढायचा नाही. थराची जाडी बदलली की उंचवटे आधी वाळतात आणि खोलगट भाग कुजतो.

6, 7, 8 चं वेगळं. काळी जमीन फुगते-आटते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे निदान 60 सेंमी काळी काढून न फुगणारा मुरूम भरा, 15 सेंमीच्या थरांत, पाणी मारून रोलर. आणि ग्रीनभोवती वाळू व काळी यांच्यामध्ये उभा प्लास्टिक कागद, 45 सेंमी खोल. तो नसेल तर काळी वाळूतलं पाणी बाजूने शोषून घेते, कड वाळते, आणि कडेची वाळू भेगांत उतरून काठ खचतो.

माळकरी

उतारांबद्दल समितीत वाद आहे. दुसऱ्या ग्रीनला मागून पुढे 5 टक्के उतार निघाला. काही म्हणतात, तो सपाट करा.

गवताळ

करू नका. ग्रीनचा वेग म्हणजे ठरावीक उतारावरून सोडलेला चेंडू किती फूट घरंगळतो ते. 5 टक्क्यांचा उतार आठ फुटांच्या वेगाला खेळता येतो, दहा-अकराला चेंडू थांबत नाही. चूक उताराची नाही, गवत 3 मिमीवर कापायच्या हट्टाची आहे. हा वेग स्टिम्पमीटरने मोजा : 91 सेंमीची खाचेची पट्टी हळू उचलायची, साधारण 20 अंशांवर चेंडू आपोआप सुटतो, तीन चेंडू एकीकडे आणि तीन उलट, सरासरी. 5 मिमी कापणीवर आठ फूट मिळाला की तिथेच थांबा. कप मात्र 3 टक्क्यांच्या आतल्या जागी लावा. ग्रीनचे गेलेले कोपरे परत घेतले की अशा जागा वाढतील. ते कोपरे एका दिवसात खाली आणायचे नाहीत : 25, 18, 12, 8, 5 मिमी, प्रत्येक टप्प्याला दोन-तीन आठवडे, सोबत भोकं पाडून हलकी वाळू.

बाभूळबन

झाडं. हरळीच्या जातींना दिवसाला सात-आठ तास थेट ऊन लागतं, सकाळचं जास्त मोलाचं. पूर्वेला निलगिरीची रांग असेल तर कितीही खत घाला, तो ग्रीन विरळच राहील. सुबाभूळ कापून भागत नाही, खुंट फुटतो आणि शेंगांचं बी वर्षानुवर्षं उगवतं. मुळासकट काढा. जुने कडुनिंब, बाभळी आणि बोरी आखणीचा भाग आहेत का ते 1960 नंतरच्या फोटोवरून ठरवा. कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी. शहराच्या हद्दीत 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा, बाहेर 1964 चा वृक्षतोड कायदा.

पातळीयंत्र

आधुनिक काय करायचं, तर टी. जुने बंकर 170–180 यार्डांवर असतील, आता चांगला खेळाडू ते सहज ओलांडतो. बंकर पुढे सरकवला तर त्याची जागा आणि पाण्याची वाट दोन्ही बिघडतात. जमीन असेल तिथे टी मागे घ्या, आणि पुढे कमी अंतराचे नवे टी करा म्हणजे मुलं-ज्येष्ठ सगळे तोच बंकर बघून खेळतील. टी सपाट, फक्त 1 टक्का उतार. नवा टी रस्त्याकडे वळवत असाल तर मध्यरेषेपासून कुंपण किमान 45 ते 60 मीटर हवं. याला तडजोड नाही, रस्त्यावरून माणसं जातात.

बंकरना तळाशी 100 मिमी वाळू, उतारावर 50, खाली न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, मधून एक निचरा नळी. बाहेरचं पाणी बंकरमध्ये येणारच नाही असा वरच्या अंगाला छोटा उंचवटा. नाल्याकडच्या होलांवर हे चुकलं की एका पावसात वाळूवर काळ्या गाळाची साय बसते आणि सगळी वाळू बदलावी लागते.

माळकरी

शेवटचा प्रश्न. गवत कधी लावायचं? आणि तीन ब्राउनचं काय?

गवताळ

भराव मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण, मे महिनाभर पाणी-रोलर करून बसू द्या. लावणी जुलैच्या मध्यानंतर, पावसाची उघडीप बघून. जूनच्या वळवात मोकळी वाळू वाहून जाते. टिफड्वार्फ या हरळीच्या बुटक्या जातीची कांडी लावणार असाल तर 1 चौ.मी. रोपवाटिकेतून 8 ते 10 चौ.मी. होतं, म्हणजे एका ग्रीनला 50 चौ.मी. धरा. फेब्रुवारीतच 450 चौ.मी. रोपवाटिका मैदानावर करा, सगळ्या ग्रीनना पुरेल. कांड्या पसरून वर 5 मिमी वाळू, रोलर, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं पाणी. आठवड्याला चौ.मी.ला 5 ग्रॅम नत्र, अमोनियम सल्फेट 24 ग्रॅम, दोन हप्त्यांत. आपलं पाणी विम्लधर्मी (आम्लाच्या उलट), त्यामुळे युरियापेक्षा हे बरं. पान पिवळं पडलं तर फेरस सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम, सायंकाळी. पहिली कापणी 12 मिमीवर, दोन बोटं वाढल्यावर. आठ ते बारा आठवड्यांत ग्रीन भरतो. लव्हाळा दिसला तर सुरुवातीला हाताने गाठीसकट उपटा. गवत पूर्ण धरल्यावर हॅलोसल्फ्युरॉन-मिथाइल 75 टक्के हे तणनाशक, हेक्टरी 90 ग्रॅम, जे ऊसवाल्यांकडे असतं. एका ग्रीनला ते 4 ग्रॅमच होतं, साध्या तराजूवर अंदाजाने टाकू नका.

ब्राउन तीन आहेत ना? दोन गवताचे करा. एक ब्राउनच ठेवा, त्यातल्या त्यात सपाट असलेला, पण तेलाशिवाय : जुना थर काढून चोपलेल्या मुरमावर 30 मिमी धुतलेली क्रशर वाळू, खेळण्याआधी पाण्याचा हलका शिडकावा, लाकडी फळी ओढून कपापर्यंत एक पट्टा गुळगुळीत करायचा.

शेततळं_परभणी

आणि तो आठवाच ठेवा. काळ्या जमिनीतला, तळ्यापासून सगळ्यात लांबचा. उन्हाळ्यात रोजचे 2,700 लिटर तिथेच वाचतात, वर सातव्यापासून आठव्यापर्यंतची पाइपलाइनही नको.